गुरुजीचा नंबर टाका

आधीच सांगून ठेवतो, कौशल्या हेडाऊ या बाईबद्दल चांगलं बोलाची माझी बिलकुल इच्छा नव्हती. चार वर्षांत तिनं मले जेवढं चिडवलं, तेवढं आमच्या सुशीलाबाईनं बत्तीस वर्षांच्या संसारात नाही चिडवलं. पण खरं ते खरं. मी घनश्याम, जिल्हा परिषद शाळेतला रिटायर हेडमास्तर. पवनी तालुक्यात आसगाव अन् कोंढ्याच्या मधात आमचं गाव. गावात मले कोणी नावानं हाक मारत नाही. गुरुजी म्हटलं का मीच.

अन् माझा मोबाईल नंबर गावाले माझ्या नावापेक्षा जास्त पाठ होता. झालं असं का सगळ्यात आधी कोणीतरी गॅसच्या कार्डावर तो टाकला. मंग राशनवर, मंग धानखरेदीच्या नोंदणीवर, पोरांच्या स्कॉलरशिपवर, म्हाताऱ्यांच्या निराधारच्या कागदावर. खिडकीतल्या माणसानं "नंबर कोणाचा टाकू?" असं विचारलं का आमच्या गावचा माणूस बिनधास्त म्हणे, "गुरुजीचा टाका." त्याले कारणही होतं. लोकांचं सिम टिकत नव्हतं. ज्या कंपनीची स्कीम सस्ती तिचं सिम घ्याचं, महिना संपला का फेकाचं. घरात फोन एक, अन् तो पोरगा कामाले हैदराबादले गेला का त्याच्यासंगं हैदराबादले. माझा नंबर दोन हजार सहापासून तोच.

कोणाचा कोणता कागद माझ्या नंबरावर आहे, ते मी एका काळ्या डायरीत लिहून ठेवत होतो. दोनशे अकरा कागदं. ओटीपी आला का डायरी पाहाची, माणूस हुडकाचा, सहा आकडे सांगाचे. लग्नाच्या पंगतीतून मी उष्ट्या हातानं उठलो आहे. भाच्याच्या बारशात पाळण्याची दोरी सोडून बाहेर आलो आहे. सुशीलाबाई म्हणे, "तुमाले गावानं फुकटचा टॉवर करून ठेवलं." मी वरून चिडत होतो, पण आतून फुगत होतो. कोणाले वाटणार नाही? अख्ख्या गावाचा भरोसा आपल्या खिशात आहे, ही काही लहान गोष्ट नाही.

अशात, मी अजून हेडमास्तर असताना, या हेडाऊ मॅडम आमच्या शाळेत आल्या. कोरोनानंतर शाळा उघडली त्या वर्षी. ठेंगणी बाई, आवाज असा हळू का पुढच्या बाकालेच ऐकू यावा, पण हट्टी एक नंबरची. पवनीच्या कोष्ट्याच्या घरची लेक. बाप नंदलालजी मागावर बसत, आई कांड्या भरे, अन् शाळेतून आल्यावर ही पण कांड्या भरे. डी.एड. झाल्यावर पहिली नेमणूक तुमसरकडे, आंबागडच्या बाजूले. तिथं शाळेत नेटवर्क नव्हतं, तं ही पोरांले घेऊन गडाच्या उतारावर चढे. वर दोन काड्या येत. सतरा पोरं अन् एक फोन, दगडावर बसून शिकवणं चाले. तिथं सात वर्षं काढून आमच्याकडं बदलीवर आली, पवनीहून रोज स्कुटीनं येई.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडं आलमारीची चाबी मागितली. आलमारीत शाळेले मिळालेले सहा टॅबलेट होते. मी ते पिशवीसकट जपून ठेवले होते. दसऱ्याले काढाचो, हळदकुंकू लावाचो, परत ठेवाचो. पोट्ट्यांच्या हातात दिले अन् फुटले तं जबाब कोणाले देऊ? तिनं अर्ज लिहिला, मी त्यावर शेरा मारला. तिनं दुसरा लिहिला, मी दुसरा शेरा मारला. सहाव्या अर्जाले मी कंटाळलो अन् दोन टॅबलेट काढून दिले. बाकीचे मी असेपर्यंत आलमारीतच राहिले, हे आता सांगाले लाज वाटते.

तिची शिकवाची रीत मोठी विचित्र होती. पोरगं टॅबलेटवर अडलं का आपण काय करतो? ओढून घेतो, खटखट दोन बटनं दाबतो, अन् म्हणतो, घे, झालं. ही बाई दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहे. पोरगं रडकुंडीले आलं तरी हात सुटत नसत. "वाच, काय लिहिलं आहे ते वाच," एवढंच म्हणे. मी एकदा विचारलं, का बाप्पा, हाताले काय झालं? तं म्हणे, माझे बाबा मागावर असंच शिकवत. तागा तुटला का पोरीनंच सांधाचा. दुसऱ्यानं मारलेली गाठ आपल्या बोटाले सापडत नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता ही शाळेत माग लावते का काय.

पण खरी ठिणगी पडली ती घरच्या अभ्यासावरून. सहावी-सातवीच्या चौतीस पोरांले तिनं सांगितलं, घरातले सारे कागदं काढा अन् कोणत्या कागदावर कोणाचा मोबाईल नंबर आहे ते वहीत लिहून आणा. दुसऱ्या दिवशी मी वर्गावरून जात होतो. पाहतो तं फळा भरून नंबर, अन् सारा नंबर माझाच. वरपासून खालपर्यंत. पोरं हसून राहिली होती. माझ्या तं नाकाले मिरच्याच झोंबल्या.

मी तिले ऑफिसात बोलावलं अन् लय बोललो. तुमी मले चोर ठरवून राहिले का, म्हटलं. इतक्या वर्षांत एकाचा एक दाणा इकडचा तिकडं झाला असल तं दाखवा. तिनं सारं ऐकून घेतलं. मंग त्याच हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, तुमच्यावर कोणाचाच शक नाही. पण ज्याच्या नंबरावर कागद, त्याच्या हातात माणूस. ही लेकरं मोठी झाली तरी तुमाले विचारल्याबिगर एक अर्जही भरू शकणार नाहीत."

मी म्हटलं, मंग विचारतील मले, मी काय मरून राहिलो?

गाव माझ्याच बाजूनं होतं. पोरं घरी जाऊन नंबर बदलवा म्हणत, अन् मायबाप माझ्याकडं येऊन विचारत, गुरुजी, तुमचं अन् मॅडमचं काही बिनसलं का? मी गालातल्या गालात हसत होतो. ती मात्र थांबली नाही. टॅबलेट दोनच, तं जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पोरांकडून अर्जाचे नमुने काढून घेई अन् भरून घेई. सिम काय असते, ओटीपी काय असते, पासवर्ड कोणाले सांगाचा नाही, चुकीचा अर्ज गेला तं परत कसा काढाचा, सारं पाठीमागं हात बांधूनच.

त्या वर्गात खुशबू होती. गोपीचंदची मोठी पोरगी. गोपीचंद म्हणजे माझा विद्यार्थी, तीन एकराचा किसान, माझा शब्द खाली पडू न देणारा माणूस. खुशबूले नर्स व्हाचं होतं. हे तिनं पाचवीत ठरवलं अन् मंग बदललं नाही. दहावीचा फारम भरताना ती बापाले म्हणाली, आता आपला नंबर टाकू. गोपीचंदनं तिले माझ्यासमोरच दटावलं, गुरुजी काय मेले का? अन् मीही वरून बोललो, "माझा नंबर आहे नं, तुले काय कमी पडलं?" पोरीनं माझाच नंबर लिहिला. मी तोवर रिटायर झालो होतो. शाळा हातची गेली होती, म्हणून नंबर जास्तच घट्ट धरून बसलो होतो. हे आता कळते.

दहावीत तिले अठ्ठ्याऐंशी टक्के पडले. अकरावीचा प्रवेश आता सारा ऑनलाइन. तिनं भंडाऱ्याच्या कॉलेजात सायन्स मागितलं होतं. नर्सिंगले जाचं तं सायन्सच पाहिजे, अन् सायन्सची जागा जवळपास दुसरीकडं उरली नव्हती. जागा लागली का माझ्या नंबरावर मेसेज येणार, मंग ओटीपी टाकून साइटवर जाचं अन् ठरल्या मुदतीत होकार द्याचा. नाही दिला तं जागा दुसऱ्याले.

अन् नेमका त्याच हप्त्यात माझ्या बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला. मी धुऱ्यावर उभा राहून बायांवर ओरडत होतो, ओळ वाकडी जाऊन राहिली म्हणून. मंग मीच मोठा शहाणा, उतरलो चिखलात. पऱ्ह्याची, रोपांची पेंडी उचलाले वाकलो अन् वरच्या खिशातला फोन सरकून गपकन चिखलात गेला. पायानं चाचपून काढेपर्यंत दोन मिनिटं गेली. फोन बंद. लय बटनं दाबली, झटकला, उन्हात ठेवला. काही नाही.

कोणीतरी मागं सांगितलं होतं, भिजलेला फोन तांदळात ठेवाचा. आमच्याकडं तांदळाले काय तोटा? मी तो डब्यात खोल पुरून ठेवला. अन् इथं माझी खरी चूक झाली. मी कोणाले सांगितलं नाही. गावाचा नंबर बंद पडला, हे कोणत्या तोंडानं सांगू? एक-दोघं विचाराले आले तं म्हटलं, फोन चार्जिंगले लावला आहे, सांजेले पाहतो. एक दिवस गेला, दोन गेले, तिसरा उजाडला. रोज डब्यात हात घालून फोन काढाचा, पाहाचा, परत पुराचा. सुशीलाबाई म्हणे, मले भात तं शिजवू द्या.

तिसऱ्या दिवशी पावणेपाचले दारात गोपीचंद, खुशबू अन् हेडाऊ मॅडम. खुशबूच्या मैत्रिणीले जागेचा मेसेज दोन दिवसापूर्वीच आला होता, हे पोरीले आज दुपारी कळलं होतं. होकाराची मुदत आजच सांजेच्या सहापर्यंत. तिनं आधी शाळेत जाऊन मॅडमले गाठलं होतं. खुशबूनं विचारलं, "गुरुजी, माझा मेसेज आला का?"

मी म्हटलं, फोन चार्जिंगले आहे.

आतून सुशीलाबाई आली अन् सरळ बोलली, "कायचा चार्जिंगले? तीन दिवसापासून तांदळाच्या डब्यात आहे."

मले वाटलं, धरती फाटावी. गोपीचंदनं माझ्याकडं पाहिलं. तो ओरडला असता तं बरं झालं असतं. पण त्यानं फक्त मान खाली घातली अन् ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. त्याचा तो चेहरा मले आजही सहन होत नाही. माझ्यासाठी त्यानं पोरीले दटावलं होतं.

मी खुशबूले म्हटलं, बाई, फोनच मेला तं नंबरही मेला. आता नागपूरले नेऊन दुरुस्त केल्याबिगर काही होणार नाही, अन् आज तं ते जमत नाही. पोरीच्या आयुष्यातली एक जागा माझ्या तांदळाच्या डब्यात सडून राहिली होती.

खुशबू म्हणाली, "गुरुजी, नंबर फोनमध्ये नसते. नंबर सिममध्ये असते. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं का झालं."

दोनशे अकरा कागदांचा मालक मी. सतरा वर्षं गावाले आकडे वाचून दाखवले. अन् तो नंबर राहते कुठं, हेच मले माहीत नव्हतं. सिम मी कधी स्वतः टाकलंच नव्हतं, दुकानदारानं टाकून दिलं तेच. काखेत कळसा अन् गावाले वळसा, दुसरं काय? बरं, सातवीच्या पोरांले हे येत होतं, अन् त्यांच्या हेडमास्तराले नाही.

फोन काढला. तांदूळ झटकले. खुशबूनं कानातली बाळी काढली, तिच्या टोकानं फोनच्या बाजूचं बारीक भोक दाबलं अन् इवलीशी पट्टी बाहेर आली. सिम ओढणीनं कोरडं पुसलं. बापाचा फोन घेऊन त्यातलं सिम काढलं, माझं बसवलं. हे होईपर्यंत मी उभा, सुशीलाबाई उभी, अन् हेडाऊ मॅडम दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी.

फोन सुरू झाला अन् मेसेज यायले लागले. एकावर एक, थांबेचनात. कोणाचं राशन, कोणाची स्कॉलरशिप, कोणाची धानाची नोंदणी. तीन दिवसाचं अख्खं गाव त्या फोनात येऊन पडलं. त्यात खुशबूचाही होता. भंडारा, सायन्स. पोरीनं साइट उघडली. नेटवर्क मरतुकडं, चक्र फिरून राहिलं. सव्वापाच झाले. पान उघडलं तं पोरगी एकेक ओळ वाचत बसली. एका ठिकाणी ती अडली, दोन बटनं होती अन् कोणतं दाबाचं ते तिले कळेना. मी मॅडमवर ओरडलो, "अहो, घ्या नं तो फोन, तुमाले येते तं तुमी करा! वेळ जाऊन राहिला!"

मॅडमचे हात सुटले नाहीत. माझ्याकडं न पाहताच म्हणाली, "उद्या भंडाऱ्याले हिच्यासंगं मी नाही राहणार, गुरुजी. खुशबू, वाच. दोन्हींच्या खाली बारीक काय लिहिलं आहे?"

खुशबूनं वाचलं. एक बटन होकाराचं होतं, दुसरं जागा सोडून पुढच्या यादीची वाट पाहाचं. माझ्यासारख्यानं घाईत कोणतंही दाबलं असतं. तिनं पहिलं दाबलं. ओटीपी आला, तिनं टाकला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी पानावर आलं, होकार नोंदवला. गोपीचंद पायरीवरून उठून आत आला अन् पोरीच्या डोक्यावर हात ठेवून रडला. मीही रडलो, लपवत नाही.

मले वाटलं, झालं. पण पोरगी फोन सोडेना. परत काहीतरी उघडलं, वाचलं, अन् माझ्याकडं वळली. "गुरुजी, इथून तुमचा नंबर काढून आमचा टाकू का? तुमच्या सिमवर आणखी एक ओटीपी येईल. तुमी सांगितला तंच होईल."

ती विचारून राहिली होती. मी तिचा घात करता करता वाचलो होतो, तरी ती मलेच विचारून राहिली होती. बापाकडं नाही पाहिलं, मॅडमकडं नाही पाहिलं. मी म्हटलं, काढ. फोन वाजला. मी चष्मा पुसला अन् ते सहा आकडे एकेक करून तिले वाचून दाखवले.

दुसऱ्या दिवशी डायरी घेऊन मी शाळेत गेलो. मॅडमनं टोमणा मारावा अशी माझी तयारी होती, पण तिनं फक्त खुर्ची दिली. मीच वर्गापुढं उभा राहिलो अन् पोरांले सांगितलं, तुमच्या गुरुजीले सिम माहीत नव्हतं, त्यानं तीन दिवस फोन तांदळात पुरला अन् लाजेनं खोटं बोलला. पोरं हसली. यावेळी मलेही हसू आलं. मंग महिनाभर संध्याकाळी सातवीची पोरं, मॅडम अन् मी घरोघरी फिरलो. कागद पोरगं वाचे, नंबर घरधनी सांगे, डायरीत माझ्या नंबरावर काट मी माराचो. जिथं ऑनलाइन जमलं नाही तिथं लोकांले कोंढ्याच्या, पवनीच्या सेंटरले पाठवलं. गोमाजी म्हणे, गुरुजी, तुमी आमाले सोडून राहिले का? मी म्हटलं, बाप्पा, आता तुहा ओटीपी तूच वाच. दोन-चार जण रुसले. म्हातारी जनाबाई तं फोन घ्यालेच तयार नव्हती, तिले नातीचा नंबर लावून दिला.

हे सगळं कौशल्या हेडाऊनं केलं असं म्हटलं तं ती भांडल. म्हणते, मी कुठं हात लावला? तेही खरं आहे. तिच्या हातून शिकलेली शे-दीडशे लेकरं आंबागडपासून इथपर्यंत पसरली आहेत अन् त्यातल्या एकाचंही काम तिनं करून दिलेलं नाही. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. माझ्याशिवाय लोकांचं अडते यालेच मी मोठेपणा समजत होतो. तिच्याशिवाय कोणाचं अडू नये यासाठी ही बाई रोज पवनीहून येते. हे मले साठीनंतर समजलं, पण समजलं.

आता माझा फोन दिवसदिवस वाजत नाही. पहिले काही दिवस करमत नव्हतं, उगाच काढून पाहाचो. मागच्या महिन्यात दुपारी जेवून पडलो होतो अन् तो वाजला. सवयीनं डायरीकडं हात गेला. पाहतो तं आकडे नव्हते, अक्षरं होती. "गुरुजी, मी खुशबू. आज प्रयोगशाळेत पहिला तास झाला. हा माझा नंबर आहे, ठेवा."

तिचं नाव टाकून तो नंबर जपून ठेवाले मले पाव तास लागला, पण माझ्याच बोटानं ठेवला. सांजेले गोपीचंदच्या शेजारचा अनुप आला. त्याच्या पोरीले भंडाऱ्याच्या होस्टेलचं विचाराचं होतं, म्हणून त्यानं खुशबूचा नंबर मागितला. मी म्हटलं, थांब गा, आधी तिले विचारतो.